यादी इकडची, सामान तिकडचं

गगनबावड्याचा घाट उतरून वैभववाडीकडे निघालं की मोबाइलची रेंज पहिल्या दोन-चार वळणांतच मान टाकते. खाली आमच्या गावच्या वाचनालयात एक संगणक आहे. २००४ च्या सुमाराचा पेंटियम फोर, एक जीबी रॅम, ८० जीबीची हार्ड डिस्क, आणि सुरू होताना पिठाच्या गिरणीची आठवण यावी असा आवाज. त्यावर डेबियन लिनक्स चालतं. पुस्तकांची नोंद, वर्गणीचा हिशोब आणि निकालाच्या दिवशी पोरांची झुंबड, एवढं त्याचं काम. इंटरनेट येतं ते ग्रंथपालांच्या फोनच्या हॉटस्पॉटवरून. फोन खिडकीच्या गजाला बांधला तर सेकंदाला साधारण ३० केबी मिळतात. टेबलावर ठेवला तर तेही नाही.

या यंत्राची देखभाल माझ्याकडे आहे आणि मी राहतो कोल्हापुरात.

सेकंदाला ३० केबी म्हणजे किती, याचा हिशोब एकदा मांडून ठेवलेला बरा. एक एमबी उतरायला अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ. १०० एमबीला पाऊण तासाच्या वर, जवळजवळ तासभर. २००४ च्या केंद्र सरकारच्या धोरणात ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घ्यायला २५६ केबीपीएस पुरेसे होते, आणि २५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ३२ केबीच. थोडक्यात, आमचं वाचनालय वीस वर्षांपूर्वीच्या ब्रॉडबँडवर जगतं. ही व्याख्या २०२३ मध्ये २ एमबीपीएसवर गेली. ती बातमी आमच्या खिडकीच्या गजापर्यंत पोचली नाही.

“चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?” हा प्रश्न मला गावात दर वेळी ऐकावा लागतो. प्रश्न चुकीचा नाही. डेबियनची स्थिर आवृत्ती घेतली तर अपडेटमधून नवी सोय क्वचितच येते. येतात त्या दुरुस्त्या. २०१४ चं उदाहरण घ्या. एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ उघडकीला आला. ओपनएसएसएल नावाच्या, इंटरनेटवरचा संवाद कुलूपबंद करणाऱ्या लायब्ररीत तो दोष होता. एका साध्या ‘तू जागा आहेस ना?’ अशा विचारणेला उत्तर देताना समोरचं यंत्र आपल्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा तुकडा परक्याच्या हाती देऊन बसायचं. दोष १.०.१ या मालिकेत होता. तेव्हा डेबियनची ‘स्क्वीझ’ ही जुनी आवृत्ती ०.९.८ वर होती, म्हणून ती बचावली. नवी ‘व्हीझी’ सापडली. जुनं ते सुरक्षित, असा निष्कर्ष त्यातून कुणी काढला असेल तर तो सप्टेंबरपर्यंतच टिकला. कारण सप्टेंबरमध्ये ‘शेलशॉक’ आला. बॅश या, टाइप केलेले हुकूम चालवणाऱ्या शेलमधला हा दोष १९८९ पासून तिथे बसून होता. पंचवीस वर्षं कुणाच्या लक्षात आला नाही. त्याची दुरुस्ती स्क्वीझलाही लागली आणि मिळालीही, कारण जुन्या आवृत्त्यांची दीर्घकालीन देखभाल डेबियनने त्याच वर्षी सुरू केली होती.

या दुरुस्त्यांची एक रीत जुन्या यंत्राच्या फार कामाची आहे. हार्टब्लीड मूळ प्रकल्पात १.०.१जी या नव्या आवृत्तीत दुरुस्त झाला. डेबियनने व्हीझीत मात्र १.०.१ई हीच आवृत्ती ठेवली आणि दुरुस्तीच्या नेमक्या ओळी मागे आणून तिच्यात शिवल्या. जुन्या सदऱ्याला ठिगळ लावावं तसं. आवृत्तीचा मुख्य आकडा तोच राहतो, शेपटीला एक छोटा क्रमांक वाढतो. त्यामुळे त्या लायब्ररीवर अवलंबून असलेल्या इतर शेकडो पॅकेजांना धक्का लागत नाही आणि मागवायचं सामान थोडकं राहतं. फक्त आवृत्तीचा आकडा पाहून ‘हे जुनं आहे, धोकादायक आहे’ असं सांगणारे पंडित इथे हमखास फसतात.

आता मुख्य गोष्ट. डेबियनमध्ये आणि त्याच्यापासून निघालेल्या उबुंटू, मिंट वगैरे सगळ्यांमध्ये अपडेट ही एक कृती दिसत असली तरी आत तीन आहेत. काय काय बदललंय याची यादी आणणं, ही पहिली. त्यातलं आपल्याला लागणारं सामान आणणं, ही दुसरी. आणि ते बसवणं, ही तिसरी. पहिल्या दोन ‘ॲप्ट’ करतो, तिसरी त्याच्या हाताखालचा ‘डीपीकेजी’. ॲप्ट डेबियनमध्ये अधिकृतपणे आला १९९९ मध्ये, डायल-अपच्या ऐन काळात, आणि त्याच्या घडणीत त्या काळाची काटकसर मुरलेली आहे. वेगवान लाइनवर हे तीन सांधे कुणाला दिसत नाहीत; सगळं मिनिटात उरकतं. मंद लाइनवर मात्र या सांध्यांतच सगळी गंमत आहे. तिन्ही कामं वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या वाटेने, एवढंच काय वेगवेगळ्या गावांत करता येतात.

यादीपासून सुरुवात करू. डेबियन १२ मध्ये, म्हणजे ‘बुकवर्म’मध्ये, ६४ हजारांहून जास्त पॅकेजं आहेत. त्या सगळ्यांची दाबून बसवलेली यादी नऊ एमबीच्या जवळपास भरते. तुमच्या यंत्रावर त्यातली हजारभरच असली तरी यादी पूर्ण येते. किराणा दोन किलोचा आणि दुकानदाराने अख्खं कोठार वाचून दाखवायचं, असा प्रकार. शिवाय पॅकेजांच्या लांब वर्णनांची वेगळी फाइल, सुमारे सहा एमबी. मूळ कोडची यादी चालू ठेवली असेल तर आणखी नऊ-एक एमबी. म्हणजे काहीच बसवलेलं नाही आणि चोवीस एमबी गेले. आमच्याकडे तेरा-चौदा मिनिटं.

यातलं बरंच टाळता येतं. मूळ कोडची यादी सामान्य माणसाला कधीच लागत नाही. त्या ओळीपुढे नंबर-चिन्ह टाकून ती बंद केली. वर्णनांची फाइल, ‘भाषा काहीच नको’ अशी एक ओळ ॲप्टच्या सेटिंगमध्ये लिहून थांबवली. दुकानासारखं दिसणारं, रंगीत चित्रं दाखवणारं सॉफ्टवेअर केंद्र काढून टाकलं, कारण त्याच्यापायी त्या चित्रांच्याही याद्या उतरत होत्या. आपोआप अपडेट शोधणारा पडद्यामागचा कार्यक्रमही बंद केला. वेगवान लाइनवर तो गुणी नोकर असतो. आमच्याकडे तो नेमका एखादी मुलगी परीक्षेचा फॉर्म भरत असताना जागा व्हायचा आणि सगळी ३० केबी एकटा खाऊन बसायचा.

उरली नऊ एमबीची मुख्य यादी. तिच्याबाबत एक सुखद गोष्ट अशी की स्थिर आवृत्तीची ही यादी रोज बदलत नाही. दोन-एक महिन्यांनी दुरुस्त्यांचा गठ्ठा निघतो तेव्हाच बदलते. मधल्या काळात ॲप्ट आधी एक छोटी फाइल पाहतो, आपल्याकडची यादी तीच असल्याचं ताडतो आणि पुढे सरकतो. सुरक्षा दुरुस्त्यांची यादी वेगळी असते आणि ती अगदी लहान. म्हणून ‘जागा मोकळी करा’ म्हणणाऱ्या साफसफाईच्या सॉफ्टवेअरला या याद्यांना हात लावू देऊ नये. थोडी जागा वाचते आणि पाच मिनिटं जातात.

सामानाकडे वळलं की कळतं, भार सगळ्यांचा सारखा नसतो. छोट्या लायब्रऱ्या शंभर-दोनशे केबीच्या. खरा भार दोघांचा. एक कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, साठ-सत्तर एमबी. दुसरा ब्राउझर. फायरफॉक्सची दीर्घ मुदतीची आवृत्तीही साधारण चार आठवड्यांनी नवी येते आणि दर वेळी साठ एमबीच्या आसपास मागते. तिला टाळणं शक्य नाही, कारण बाहेरच्या जगाशी रोज गाठ तिचीच पडते. मग कात्री बाकीच्यांवर. वाचनालयाच्या संगणकावर तीन ऑफिस संच, दोन गाणी वाजवणारे, एक फोटो सजवणारा असा मागच्या उत्साही स्वयंसेवकांचा संसार साठला होता. काढून टाकलं. जे पॅकेज नाही त्याचं अपडेटही नाही, इतका बिनखर्चाचा उपाय दुसरा सापडणार नाही. डेबियन एका पॅकेजासोबत ‘शिफारस केलेली’ इतर पॅकेजंही आणतं. ती सवय बंद करता येते. यंत्रांच्या सुट्या भागांना लागणारं फर्मवेअर उबुंटूत एका मोठ्या पॅकेजात येतं, दोनशे एमबीहून जास्त. डेबियनमध्ये ते तुकड्या-तुकड्यांत आहे. जो भाग आमच्या यंत्रात नाहीच, त्याचं फर्मवेअर कशाला हवं?

इतकं करून मनात येतंच, की अख्खं पॅकेज का आणायचं? बदललेला भागच आणला तर? हा विचार जुना आहे. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे १९९६ मध्ये ‘आरसिंक’ आणलं ते याच विचारावर. दोन टोकांना असलेल्या फाइलींचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा ठसा काढायचा, ठसे जुळले ते सोडून द्यायचे आणि उरलेलंच पाठवायचं. फेडोराने २००९ पासून याच जातीची सोय अपडेटमध्ये दिली. पॅकेजामधला फरक तेवढा उतरायचा आणि जुन्या पॅकेजाच्या मदतीने नवं पॅकेज तुमच्याच यंत्रावर जुळवलं जायचं. कागदावर सुंदर. जुन्या यंत्रावर मात्र लाइनवर वाचलेली मिनिटं प्रोसेसर जुळवणीत खर्च करायचा. आणि फरकांचीही एक यादी असतेच, ती वेगळी उतरवावी लागायची! २०२४ च्या फेडोरा ४० मध्ये ही सोय काढून टाकली. मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. सोयी बनवणाऱ्यांच्या घरी फायबर पोचला की खिडकीच्या गजाला बांधलेल्या फोनची आठवण कमी होत जाते.

तर मग सामान दुसऱ्या वाटेने आणावं. आमच्या पिढीला यात नवल नाही. लिनक्स आमच्याकडे तारेने आलंच नव्हतं. मासिकासोबतच्या सीडीतून आलं. २००४ मध्ये उबुंटू निघालं तेव्हा कंपनी मागेल त्याला घरपोच, फुकट सीडी धाडायची. २०११ पर्यंत हे चाललं. परदेशी टपालाचं पाकीट पोस्टमनने कौतुकाने उलटसुलट करून दिल्याचं अनेकांना आठवत असेल. आज सीडीची जागा पेन ड्राइव्हने घेतली आहे. कोल्हापूरहून वैभववाडीला एसटी अडीच तासांत पोचली असं धरा. तिच्यात ६४ जीबीचा भरलेला पेन ड्राइव्ह असेल तर ती लाल बस सेकंदाला सुमारे ५७ मेगाबिट वाहून नेते. माझ्या शहरातल्या घरची लाइनही रोज एवढा वेग देईल याची खात्री नाही.

पण पेन ड्राइव्हवर भरायचं काय? नेमकं काय लागणार हे फक्त त्या जुन्या यंत्रालाच माहीत. इथे ‘ॲप्ट-ऑफलाइन’ कामाला येतं. रितेश राज सर्राफ या भारतीय डेबियन विकासकाने हे साधन लिहिलं, आणि ते त्या तीन सांध्यांवरच बेतलेलं आहे. वाचनालयाचा संगणक आपल्याला काय हवं ते एका लहानशा फाइलमध्ये लिहून देतो. ती फाइल काही केबींची, व्हॉट्सॲपवरून येते. मी ती कोल्हापुरातल्या संगणकावर ॲप्ट-ऑफलाइनला देतो. तिथे डेबियन असायलाच हवं असंही नाही, विंडोजवरही काम होतं. ते आधी ताज्या याद्या, आणि त्या जुन्या यंत्राला दाखवल्यावर आलेल्या नव्या फाइलवरून दुसऱ्या फेरीत नेमकी पॅकेजं उतरवून एका गठ्ठ्यात बांधतं. गठ्ठा पेन ड्राइव्हवर, पेन ड्राइव्ह ओळखीच्या कंडक्टरकडे, आणि संध्याकाळी ग्रंथपाल तो संगणकाला दाखवतात. माल आणायला पाठवणाऱ्या घरात आई चिठ्ठी लिहून देते ना, तशी ही चिठ्ठी.

कंडक्टरच्या खिशातून आलेल्या सॉफ्टवेअरवर विश्वास कसा ठेवायचा, ही शंका रास्त आहे. उत्तर असं की विश्वास कंडक्टरवर ठेवायचाच नसतो. डेबियनच्या मुख्य फाइलवर डेबियनच्या गुप्त किल्लीने सही केलेली असते. त्या फाइलमध्ये याद्यांचे ठसे, आणि याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजाचा ठसा. ठसा म्हणजे फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी पूर्ण बदलून जाणारा आकडा. सही पडताळायची उघडी किल्ली तुमच्या यंत्रावर पहिल्यापासून असते. साखळीत कुठेही मेळ बसला नाही तर ॲप्ट सामान परत करतो. म्हणूनच डेबियनचे मिरर, म्हणजे हे सामान ठेवणारे जागोजागचे सर्व्हर, आजही साध्या एचटीटीपीवर चालू शकतात. रस्त्यात कुणी पाहू शकेल की तुम्ही काय मागवलंत; बदलू मात्र शकणार नाही. एक सावधगिरी हवी. मित्राच्या यंत्रावरची सुटी पॅकेजं उचलून थेट डीपीकेजीच्या हाती दिली तर ही पडताळणी होत नाही. डीपीकेजी बसवणारा गडी आहे, ओळखपत्र तपासणं त्याच्याकडे नाही.

सही असलेल्या याद्यांनाही एक मुदत असते, आणि ही मला फार हुशारीची गोष्ट वाटते. समजा, एखाद्या बदमाशाने तुम्हाला खोटं काही दिलंच नाही, फक्त सहा महिन्यांपूर्वीची खरी, सहीची यादी देत राहिला. सगळे ठसे जुळतील आणि तुम्हाला वाटेल की नवी दुरुस्ती काही नाही. म्हणून सुरक्षा याद्यांवर साधारण आठवडाभराची मुदत छापलेली असते. ती उलटली की ॲप्ट कुरकुर करतो. पावसाळ्यात घाटात दरड कोसळून बस थांबल्या आणि आमचा गठ्ठा दहा दिवस लोळत पडला, तेव्हा हे नीट कळलं.

आणि याच तारखांच्या कारभारात जुन्या यंत्राचा एक खास रोग उघडा पडतो. एके दिवशी ग्रंथपालांचा फोन आला की अपडेट होत नाही, ब्राउझरही सगळ्या वेबसाइटींना ‘असुरक्षित’ म्हणतोय. मी फोनवर तासभर लाइन, मिरर, किल्ल्या सगळं धुंडाळलं. शेवटी सहज विचारलं, पडद्यावर कोपऱ्यात तारीख काय दिसते? १ जानेवारी २००४. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी मेली होती. संगणकाच्या मते आपण अजून २००४ मध्ये होतो. अशा वेळी आजची यादी ‘अजून वैध व्हायची आहे’ असं ॲप्ट सांगतो, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच असतं. बॅटरी किराणा दुकानात मिळाली.

उलट दिशेचा घोटाळा ३० सप्टेंबर २०२१ ला जगभर झाला. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था असंख्य वेबसाइटींना फुकट प्रमाणपत्रं देते. तिला आधार देणाऱ्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत त्या दिवशी संपली. नवं प्रमाणपत्र ज्यांच्याकडे अपडेटमधून आलं होतं त्यांना काही कळलंही नाही. वर्षानुवर्षं हात न लावलेल्या यंत्रांवर निम्मं वेब बंद. ‘चालतंय ना’ म्हणणाऱ्यांचं त्या दिवशी चालेना. ॲप्ट मात्र एचटीटीपीवर असेल तर अशाही यंत्रात चालतो आणि मूळ प्रमाणपत्रांचं नवं पॅकेज तोच आणून देतो. पॅकेज एमबीभराचंही नसतं.

बसवण्याबद्दल फार सांगायला नको. उतरवणं मध्येच तुटलं तर बिघडत नाही. अर्धवट फाइल ॲप्ट जपून ठेवतो आणि तिथून पुढे उचलतो. नाजूक वेळ बसवण्याची. लाइट गेली तर पॅकेजं अर्धी बसलेली राहतात, म्हणून ‘फक्त उतरव, बसवू नकोस’ हा पर्याय देऊन आधी सगळं गोळा करायचं, आणि मग लोडशेडिंगची वेळ पाहून बसवायचं. तरीही मध्येच गेलीच, तर डीपीकेजीला ‘राहिलेली सगळी मांडणी पूर्ण कर’ असं सांगता येतं, आणि बहुतेक वेळा ते निमूटपणे करतं. प्रत्येक पायरी डिस्कवर पक्की लिहून घेण्याचा त्याचा स्वभाव जुन्या डिस्कवर कंटाळवाणा वाटतो. पण त्या कंटाळ्यानेच आजवर वाचवलं आहे.

मोठं दुखणं आवृत्ती बदलण्याचं. डेबियन एका वेळी एकच पायरी चढू देतं. मधली आवृत्ती गाळायची सोय नाही. एका पायरीला साध्या डेस्कटॉपवर एक-दीड जीबी सहज लागतं, म्हणजे आमच्या लाइनवर साधारण दहा ते साडेचौदा तास. ते मी डीव्हीडीच्या प्रतिमेतून करतो. ॲप्टला डिस्कही दुकान म्हणून चालते. आळस करून आवृत्तीची मुदत संपू दिली तर मिररवरून ती उचलली जाते आणि डेबियनच्या संग्रहात जमा होते. पत्ता बदलून तिथूनही सामान मिळतं, पण नव्या दुरुस्त्या तिथे येत नाहीत.

आणि आता आमच्या पेंटियम फोरपुढे पायरीच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिट यंत्रांसाठी कर्नल आणि स्थापना-प्रतिमा देणं थांबवलं. उबुंटूने २०१९ मध्येच हा दरवाजा लावला होता. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं ते ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर, आणि त्या ३८६ चाच आधार कर्नलमधून २०१३ च्या सुरुवातीच्या आवृत्तीत निघाला. तेव्हा पेंटियम फोरने रुसावं असं काही नाही. ज्यांच्याकडे कोअर टू डुओ किंवा त्यापुढचं यंत्र आहे त्यांनी मात्र एकदा तपासावं. प्रोसेसर ६४ बिटचा आणि वर कुणीतरी सवयीने ३२ बिट लिनक्स टाकलेलं, असं बरेचदा निघतं. मग विदा बाजूला काढून ६४ बिटची नवी स्थापना करावी. जागच्या जागी बदलायचा खटाटोप करू नये. आमच्यासाठी बुकवर्म हाच शेवटचा मुक्काम, आणि दीर्घकालीन देखभाल धरली तरी त्याची मुदत जून २०२८. तोवर कुणीतरी बरा सेकंडहँड संगणक देईल अशी ग्रंथपालांना आशा आहे. मला डिस्कची जास्त काळजी आहे.

या महिन्याची चिठ्ठी काल रात्री आली. अकरा पॅकेजं, ७९ एमबी, त्यातले साठहून जास्त एकट्या फायरफॉक्सचे. सकाळची साडेसातची गाडी आहे. पेन ड्राइव्ह डब्याच्या पिशवीत ठेवलाय.